भाव वेगळा, स्टॉक वेगळा : एका किराणा साखळीच्या ऑनलाइन दुकानाच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

पुण्यात नऊ दुकानं, एक गोदाम, साधारण अकरा हजार वस्तू. ऑनलाइन विक्रीचं सॉफ्टवेअर एकसंध आहे. कॅटलॉग, भाव, स्टॉक, सवलती, कार्ट, ऑर्डर सगळं एकाच डेटाबेसात. दुकानांतल्या बिलिंगमधून रात्री दीड वाजता सीएसव्ही (साध्या मजकुरातली तक्त्याची फाइल) येते आणि तिच्यातला भाव नि स्टॉक पुढच्या रात्रीपर्यंत ॲपवर राहतो. म्हणजे संध्याकाळी सात वाजता गिऱ्हाइकाला दिसणारा स्टॉक साडेसतरा तास शिळा असतो.

तक्रारी दोनच प्रकारच्या. ऑर्डर घेतली पण माल नाही, आणि ॲपवर एक भाव, बिलावर दुसरा. दोन्हींचं मूळ एका तक्त्यात सापडलं. वस्तू, दुकान, भाव, शिल्लक या चार गोष्टी एकाच ओळीत आहेत. शिल्लक बदलली की ओळ बदलते, ओळ बदलली की भावाचा कॅशेही (पटकन वाचण्यासाठी ठेवलेली तात्पुरती प्रत) उडतो. त्याचा ताण नको म्हणून मागे कुणीतरी कॅशे सहा तासांचा करून ठेवलाय.

या दोन गोष्टींचा स्वभाव मुळातच वेगळा. भाव क्वचित बदलतो, पण तो पैशापैशाला बरोबर हवा. स्टॉक क्षणाक्षणाला बदलतो आणि तो कधीच शंभर टक्के बरोबर नसतो. एकाला नोंदवहीची शिस्त लागते, दुसऱ्याला अंदाजाची. पुढची सगळी मांडणी या फरकावर.

सगळं पाडून नव्याने बांधायचं नाही, हे ठरलं. जे तुकडे दुखतात तेवढे सुटे काढायचे. प्रत्येकाला स्वतःचा डेटा, स्वतःचं एपीआय (इतर सॉफ्टवेअरने बोलायचं ठरलेलं दार), आणि एक तुकडा बदलताना दुसऱ्याला हात लागू नये. मायक्रोसर्व्हिसेस, एपीआय-फर्स्ट, क्लाउड-नेटिव्ह, हेडलेस ही चौकडी विक्रेत्यांच्या पत्रकांत छान दिसते. इथे त्यातलं पुरेल तेवढंच घ्यायचं. आधी स्टॉकसेवा, मग भावसेवा. कॅटलॉग आणि ऑर्डर सध्या जुन्याच घरात. माल राखीव ठेवण्याचं काम वेगळी सेवा म्हणून सुचवलं होतं, ते नाकारलं. शिल्लक एका डेटाबेसात आणि राखीव दुसऱ्यात ठेवलं तर दोघांत ताळमेळ घालायला तिसरं काहीतरी लिहावं लागतं. सवलतींचे नियमही भावसेवेतच राहतील. शेवटचा आकडा एकानेच सांगायचा.

७ ऑगस्ट

दुकानांच्या बिलिंगमधून बदल जिवंत कसे काढायचे? पहिला विचार डेबिझियम या साधनाचा होता: डेटाबेसातले बदल टिपायचे आणि काफ्कात, म्हणजे निरोप वाहून नेणाऱ्या रांगेत, टाकायचे. तो दुपारपर्यंतच टिकला. दुकानांच्या मशीनवर एसक्यूएल सर्व्हरची एक्स्प्रेस आवृत्ती आहे. तिच्यात चेंज डेटा कॅप्चर (डेबिझियमला लागणारी बदलांची सविस्तर नोंद) नाही, आणि ते ज्या एजंटवर, म्हणजे पार्श्वभूमीची कामं चालवणाऱ्या भागावर, चालतं तो एजंटही नाही. नऊ दुकानांत स्टँडर्ड आवृत्ती घेण्याचा खर्च कुणी मंजूर करणार नव्हतं.

एक्स्प्रेसमध्ये चेंज ट्रॅकिंग मात्र आहे. ते ओळीत आधी काय होतं नि आता काय आहे हे सांगत नाही. कोणत्या ओळीला हात लागला एवढंच, चढत्या क्रमांकासह सांगतं, तेही प्रायमरी की (प्रत्येक ओळीची अनन्य ओळख) असलेल्या तक्त्यांसाठी. बिलाच्या ओळी इथे फक्त वाढतात, बदलत नाहीत, म्हणून एवढ्यावर भागतं. दुकानातल्या मशीनवर एक छोटी सेवा दर २० सेकंदांनी विचारते, 'मागच्या क्रमांकानंतर काय?' आणि उत्तर वर काफ्कात पाठवते.

मांडणी करताना सांभाळायच्या गोष्टी:

बदल जपून ठेवायची मूळ मुदत दोन दिवसांची आहे. दुकानाचं नेट शनिवारी गेलं आणि सोमवारी दुपारनंतर आलं तर मधले बदल साफ झालेले असतात. मुदत सात दिवस केली. दुकानांतल्या एक्स्प्रेसला डेटाबेसमागे १० जीबीची मर्यादा आहे, म्हणून आधी प्रत्येक दुकानाची मोकळी जागा तपासली. दोन दुकानांत जुनी बिलं आधी हलवावी लागली.

प्रत्येक फेरीत सर्वात आधी किमान वैध क्रमांक (ज्याच्यापुढचे बदल अजून जपलेले आहेत तो) तपासायचा. आपला मागचा क्रमांक त्याच्या खाली गेला असेल तर बदल मागूच नयेत, पूर्ण स्टॉक नव्याने घ्यावा. ही तपासणी गाळली तरी क्वेरी चूक दाखवत नाही, अर्धवट उत्तर मुकाट्याने देते. तो प्रकार जास्त वाईट.

मशीन बिघडून बॅकअपवरून डेटाबेस परत आणला तर क्रमांक मागे जातो. आपल्याकडचा क्रमांक दुकानापेक्षा मोठा दिसला की तोही पूर्ण फेरीचा इशारा समजायचा.

११ ऑगस्ट

इव्हेंटचा, म्हणजे दुकानातून वर येणाऱ्या प्रत्येक बदलाच्या निरोपाचा, साचा ठरला. एक नमुना:

दुकान: कोथरूड | प्रकार: विक्री | बिल: ४४१८२ | ओळ: ३ | वस्तू: तूप ५०० मिली | फरक: −२ | क्रमांक: ९०७७१५

'आता शिल्लक किती' असं विक्रीच्या इव्हेंटमध्ये कधीच लिहायचं नाही, फक्त फरक. बेरीज-वजाबाकीला क्रम लागत नाही, त्यामुळे मागेपुढे पोचलं तरी उत्तर तेच येतं. पण तोच इव्हेंट दोनदा आला तर दोनदा वजा होतो, आणि काफ्काच्या नेहमीच्या मांडणीत तो कधीतरी दोनदा येतोच. म्हणून दुकान, बिल नि ओळ मिळून एक अनन्य किल्ली. डेटाबेसात ती आधीच असेल तर इव्हेंट टाकून द्यायचा. रद्द झालेलं बिल म्हणजे जुनी ओळ पुसणं नाही, अधिक फरकाची नवी ओळ.

मोजणीचा इव्हेंट मात्र वेगळ्या जातीचा. तो फरक सांगत नाही, थेट आकडा सांगतो. फळीवरचं मोजलं चार वाजता, संगणकात भरलं सहा वाजता. मधल्या दोन तासांची विक्री त्या आकड्यात गडप होते. मोजणीच्या कागदावर सुरू केल्याची वेळ आणि त्या क्षणीचा क्रमांक असे दोन रकाने वाढवले. शिल्लक = मोजणी + त्या क्रमांकानंतरचे सगळे फरक. नुसता चालू आकडा ठेवून चालत नाही, फरकांची वही जपावीच लागते.

आवक याहून अवघड निघाली. गोदामातून आलेला माल दुकानात आधी फळीवर चढतो आणि आवक नोंद चहानंतर होते. मध्ये मोजणी झाली तर तेच खोके दोनदा धरले जातात. याला सॉफ्टवेअरचा उपाय नाही. ज्या रांगेची आवक नोंद बाकी आहे त्या रांगेची मोजणी उघडणारच नाही, असं कुलूप घातलं. दुकानांतून कुरकुर होणार.

१८ ऑगस्ट

एक बारकोड, दोन एमआरपी. ज्यांनी किराण्याचं काम केलेलं नाही त्यांना हे आधी पटत नाही.

८९० ने सुरू होणारा तेरा आकडी बारकोड वस्तूची ओळख सांगतो, भाव सांगत नाही. कंपनीने एमआरपी बदलली तरी बारकोड सहसा तोच राहतो. फळीवर मागच्या लॉटचं आणि नव्या लॉटचं पाकीट शेजारी असतं. काउंटरवर स्कॅन केलं की बिलिंग दोन ओळी दाखवून विचारतं, यातला कोणता? कॅशियर पाकीट उलटून बघतो आणि बोट ठेवतो. ॲपवर पाकीट उलटून बघणारं कुणी नाही. जुन्या सॉफ्टवेअरने सर्वात नवी एमआरपी दाखवायचा सोपा मार्ग काढला होता. पिकरने (ऑर्डरीचा माल फळीवरून गोळा करणाऱ्याने) जुनं पाकीट उचललं तर छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतल्यासारखं होतं, आणि ते कायद्यात बसत नाही.

म्हणून भावसेवेची किल्ली वस्तू-दुकान अशी दुहेरी न ठेवता वस्तू-दुकान-एमआरपी अशी तिहेरी केली. स्टॉकसेवेतही शिल्लक एमआरपीनिहाय. कार्टसाठीचा नियम असा: ज्या एमआरपीचा माल आधी संपायला हवा त्याचा भाव दाखवायचा, आणि तेवढी शिल्लक पुरत नसेल तर पूर्ण ऑर्डर पुढच्या एमआरपीवर. एका ऑर्डरीत दोन भावांची एकच वस्तू दाखवून पाहिली, लोक गोंधळतात. पिकरच्या यादीत वस्तूच्या नावाखाली एमआरपी ठळक. पाकिटावर वेगळी छापलेली दिसली तर पिकर ती निवडतो आणि बिल कमी असलेल्या बाजूला सरकतं, कधीही जास्तीच्या नाही.

विक्रीभाव आणि छापील एमआरपी हे दोन स्वतंत्र रकाने केले. जुन्या तक्त्यात सवलतीची टक्केवारी होती आणि विक्रीभाव त्यातून निघायचा. पैशांत गोलाई कुठे होते ते शोधण्यात अर्धा दिवस गेला. आता विक्रीभाव पैशांत पूर्णांक म्हणून साठतो, टक्केवारी फक्त दाखवण्यापुरती निघते. सुट्या एककाचा भाव दाखवणंही याच सेवेकडे: एक किलोच्या आतल्या पाकिटाला प्रति ग्रॅम, वरच्याला प्रति किलो.

२५ ऑगस्ट

परवा, २७ ला गणेश चतुर्थी. आजपासून विसर्जनापर्यंत चालू व्यवस्थेला हात नाही. नारळ, गूळ, तांदळाची पिठी, तूप यांचे बदल नव्या स्टॉकसेवेत नुसते वाहू देतोय, ॲपवर दाखवत नाही. जुना नि नवा आकडा शेजारी ठेवून फरकाचा अहवाल रोज सकाळी.

१ सप्टेंबर

अहवालातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. बिलिंगची शिल्लक बरोबर असली तरी फळी रिकामी असू शकते, कारण माल दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या ट्रॉलीत आहे. बिल होईपर्यंत तो कागदावर फळीवरच असतो. गर्दीच्या दुकानात हा छोटा आकडा नाही.

दाखवायचा स्टॉक असा ठरवला:

दिसणारा = शिल्लक − राखीव − ट्रॉलीतला − शंकेचा

ट्रॉलीतला म्हणजे त्या दुकानात, त्या तासाला, त्या वस्तूची सरासरी विक्री गुणिले २५ मिनिटं. फळीवरून काउंटरपर्यंत लागणारा वेळ एवढा धरलाय. तासाला ६ जात असतील तर २.५, म्हणजे ३ धरायचे. शंकेचा म्हणजे शेवटच्या मोजणीला ३० दिवस उलटले असतील तर १, नाहीतर शून्य. शिल्लक १४, राखीव ३, ट्रॉलीत ३, मोजणी जुनी: १४ − ३ − ३ − १ = ७.

हा ७ गिऱ्हाइकाला दाखवायचा नाही. 'उपलब्ध', चार किंवा कमी असतील तर 'थोडंच शिल्लक', शून्य किंवा खाली गेलं तर 'संपलं'. '३ शिल्लक' असं लिहून पिकरला २ सापडले की आपणच वचन मोडल्यासारखं होतं. आपला आकडा अंदाज आहे, तर तो अंदाजासारखाच दिसू दे.

राखीव कधी करायचं यावर बराच खल झाला. कार्टमध्ये टाकताच राखीव केलं तर सकाळी भरून विसरलेल्या कार्ट दुपारपर्यंत माल अडवतात. त्यामुळे डिलिव्हरीची वेळ निवडून 'पैसे भरा' दाबल्यावर, १२ मिनिटांसाठी. इथे यूपीआय खोडा घालतं: पैसे कापले गेले पण उत्तर 'प्रलंबित', आणि खात्री येते चौदाव्या मिनिटाला. तोवर राखीव सुटून तोच माल दुसऱ्याला गेलेला असतो. पैसे भरणं सुरू झालं की मुदतीचं घड्याळ थांबतं आणि व्यवहाराचा अंतिम निकाल आल्यावरच राखीव पक्कं होतं किंवा सुटतं.

राखीव करणं म्हणजे पोस्टग्रेस या डेटाबेसातलं एकच अटीचं अपडेट: शिल्लक वजा राखीव मागणीपेक्षा कमी नसेल तरच राखीव वाढव, आणि एकही ओळ बदलली नाही तर 'संपलं' सांग. आधी वाचून मग लिहिण्याच्या मध्ये दुसरी ऑर्डर घुसते. रेडिसवर (मेमरीत चालणारा वेगवान डेटाबेस) हे जास्त वेगात होईल हे मान्य, पण नऊ दुकानांच्या ऑर्डरींना पोस्टग्रेस भरपूर पुरतं आणि एक हलता भाग कमी होतो.

४ सप्टेंबर

काल जीएसटी परिषदेच्या ५६ व्या बैठकीत दर बदलले. लागू २२ सप्टेंबरपासून. तूप, लोणी, चीज १२ टक्क्यांवरून ५. बिस्किटं, चॉकलेट, इन्स्टंट कॉफी, शाम्पू, केसांचं तेल, टूथपेस्ट १८ वरून ५. पाकीटबंद पनीर आणि यूएचटी दूध ५ वरून शून्य. हातात अठरा दिवस.

भावसेवा ऑक्टोबरात चालू करायची होती. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये 'अमुक तारखेपासून' असा रकानाच नाही. भाव बदलायचा म्हणजे आत्ताच बदलायचा. काही हजार वस्तू मध्यरात्री एका स्क्रिप्टने बदलणं आणि चुकलं तर मागे यायला रस्ता नसणं परवडणार नाही. भावसेवा २० ला चालू. स्टॉक दाखवण्याचं काम त्यामागे.

भावाच्या प्रत्येक ओळीला 'पासून' आणि 'पर्यंत'. जुनी ओळ पुसायची नाही, तिची 'पर्यंत' भरायची आणि नवी जोडायची. कराचा दर वेगळ्या तक्त्यात, त्यालाही तारखा. भाव, एमआरपी आणि कर हे तीन वेगवेगळ्या हातांनी बदलतात: भाव आपण, एमआरपी कंपनी, दर सरकार.

१० सप्टेंबर

वर्गवारीत दोन दिवस गेले आणि ते योग्यच गेले. कॅटलॉगमध्ये एचएसएन (करासाठीचा वस्तूंच्या वर्गाचा क्रमांक) चार आकडी होता. ३४०१ खाली अंघोळीच्या साबणाची वडीही येते आणि हँडवॉशही. वडी ५ टक्क्यांवर आली, द्रवरूप साबण १८ वरच. ३३०६ खाली टूथपेस्ट ५, माउथवॉश १८. चार आकड्यांवर दर लावला असता तर हँडवॉश स्वस्त करून बसलो असतो आणि फरकाचा कर खिशातून गेला असता. त्या दोन शीर्षांखालच्या वस्तू एक-एक करून हाताने तपासल्या. कपड्यांची पावडर १८ वरच आहे, तिथे काही नाही.

काँबो पॅक वेगळंच प्रकरण. साबणाची वडी आणि हँडवॉश एका किमतीत विकलं तर तो मिश्र पुरवठा होतो आणि सगळ्यावर वरचा दर लागतो. असे पॅक २१ च्या रात्री बंद करून दोन सुट्या वस्तू अधिक कार्टमधली सवलत असे लावायचे.

विक्रीभाव किती उतरायला हवा याचा तपासणीपुरता हिशेब: ४० रुपयांची वडी, ४० ÷ १.१८ × १.०५ = ३५.५९. ६५० चं तूप, ६५० ÷ १.१२ × १.०५ = ६०९.३८. हा आकडा भाव म्हणून लावायचा नाही, कंपनीच्या सुधारित यादीशी ताडून बघायचा. यादीतला भाव यापेक्षा एक टक्क्याहून जास्त असेल तर ती ओळ थांबते आणि खरेदी विभागाकडे जाते. यादीच आली नाही अशा वस्तूंना हा हिशेबी भाव वापरायचा, पैसे खालच्या बाजूला गोल करून.

१६ सप्टेंबर

रंगीत तालीम. चाचणीच्या व्यवस्थेत घड्याळ पुढे केलं, बारा वाजले, भाव हलले नाहीत. साडेपाचला हलले.

कारण सगळ्यांना लगेच कळलं आणि तरी झालंच. एक्सेलमधून आलेलं '२२-०९-२०२५ ००:००' आयात करताना यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजलं गेलं. भारतातल्या २२ च्या मध्यरात्रीचं यूटीसी म्हणजे २१ ची १८:३०. साडेपाच तास जुन्या भावाने विक्री झाली असती, आणि नेमकी पहाटेच्या दुधासोबतच्या ऑर्डरींची. आयातीत आता वेळेला वेळक्षेत्र (टाइम झोन) जोडलेलं नसेल तर फाइलच नाकारली जाते. आपोआप अंदाज बांधणारा कोड काढून टाकला.

दुसरी गोष्ट कॅशेची. सगळ्या भावांचा कॅशे बारा वाजता एकदम बाद केला तर पुढच्या मिनिटाला सगळी वाचनं डेटाबेसावर आदळतात. उपाय असा की भावसेवा उत्तरात चालू भावासोबत 'पुढचा भाव आणि त्याची वेळ' आधीच देते, आणि ॲप वेळ झाली की स्वतः बदलतं. फोनचं घड्याळ चुकीचं असू शकतं, म्हणून फरक सर्व्हरच्या वेळेशी मोजायचा. कॅशेची मुदत सगळ्यांना सारखी पाच मिनिटं नाही, चार ते सहाच्या मध्ये विखुरलेली.

शोधाच्या यादीत भाव थोडा शिळा असेल, हे चालवून घ्यायचं. क्रमवारी इंडेक्समधल्या (शोधासाठी आधी तयार ठेवलेल्या यादीतल्या) भावाने लागते, पण पाटीवर छापला जाणारा आकडा भावसेवेकडून येतो, एका विनंतीत ५० वस्तूंपर्यंत. 'स्वस्त ते महाग' लावल्यावर एखादी वस्तू जागा चुकलेली दिसेल. त्यासाठी इंडेक्स दर मिनिटाला उपसण्यात अर्थ नाही.

२१ सप्टेंबर, रविवार रात्र

क्रम: २२:०० काँबो बंद. २२:३० ज्या वस्तूंचे भाव थांबवलेत त्यांची यादी दुकानांना. २३:०० पुढच्या भावांची मोजदाद, एक्सेलच्या ओळी आणि भावसेवेतल्या 'पासून' ओळी सारख्या हव्यात. २३:४५ ते ००:१५ 'पैसे भरा' बंद नाही, पण या वेळात दिलेली भावचिठ्ठी पाच मिनिटांचीच. एरवी ती पंधरा मिनिटं चालते.

भावचिठ्ठी म्हणजे कार्टला दिलेला सही केलेला भाव. ऑर्डर नोंदवताना भाव बदललेला आढळला तर उतरलेला भाव न विचारता लावायचा आणि चढलेला असेल तर विचारायचं.

२२ सप्टेंबर

भाव वेळेवर बदलले. पहिली तक्रार कराबद्दलची.

काल संध्याकाळी पैसे भरलेल्या ऑर्डरी आज सकाळी पॅक झाल्या. बिल पॅकिंगच्या वेळी बनतं. पैसे दर बदलण्याआधी, बिल आणि माल नंतर. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बिलाची तारीख धरायची, म्हणजे नवा दर. ऑर्डर सॉफ्टवेअरने मात्र ऑर्डरीच्या वेळचाच कर छापला. ते जुन्या घरात आहे आणि कर स्वतःच्या तक्त्यातून वाचतं, हे मांडणीच्या चित्रात कुठेच नव्हतं. सकाळची बिलं रद्द करून नव्याने काढली, फरक वॉलेटमध्ये परत. दुपारी ऑर्डर सॉफ्टवेअरचं कर वाचणं भावसेवेकडे वळवलं: बिलाची तारीख द्या, दर घ्या.

एकसंध सॉफ्टवेअरमधून एक तुकडा काढताना त्याचं लिहिणं शोधलं जातं, त्याचे वाचणारे शोधले जात नाहीत. डेटाबेसात त्या तक्त्याचं नाव बदलून चाचणीत कोण कोसळतं ते पाहिलं असतं तर हे १६ लाच कळलं असतं. पुढच्या तुकड्याआधी हे करायचंच.

आजच घटस्थापनाही. साबुदाणा, भगर, राजगिरा, शेंगदाणे यांची मागणी सकाळपासून. जुन्या सीएसव्हीवरचा स्टॉक अकरापर्यंत निकामी झाला. फक्त उपवासाच्या वस्तूंपुरता नवा दिसणारा स्टॉक दुपारी बाराला चालू केला. ठरवलेलं नव्हतं, पण तुकडा सुटा असल्याने वस्तूंच्या यादीवर चालू-बंद करता आला.

२६ सप्टेंबर

सुट्या मालाचं निस्तरलं. दुकानात काट्यावर साबुदाणा तोलला की चिठ्ठीवर बारकोड छापला जातो: २१-०१४२०-००७५२-०. पहिले दोन आकडे दुकानांतर्गत वापराचे, पुढचे पाच वस्तूचे, मग पाच ग्रॅमचे, शेवटचा तपासणीचा. म्हणजे ७५२ ग्रॅम. सगळ्या काट्यांवर हीच मांडणी असेल असं धरलं होतं. दोन दुकानांतल्या जुन्या काट्यांवर वजनाच्या जागी किंमत छापली जाते. ७५ रुपये २० पैसे झाले ७,५२० ग्रॅम, आणि एका चिठ्ठीत साडेसात किलो साबुदाणा वजा. मंगळवारपासून त्या दुकानांत साबुदाणा 'संपलं' दिसत होता आणि पोती भरलेली. काट्यांना वेगळा उपसर्ग दिला, २१ वजनासाठी, २२ किमतीसाठी. किमतीच्या चिठ्ठीचं वजन त्या क्षणीच्या भावाने भागून.

सुट्या मालाची शिल्लक ग्रॅममध्ये, पूर्णांक. पोतं ५० किलोचं लिहिलेलं असलं तरी सुटं करताना सांडलवंड होते. ती घट महिन्याच्या शेवटी एकदम न लिहिता पोतं संपल्यावर लगेच लिहायची.

६ ऑक्टोबर

आज रात्रीची सीएसव्ही बंद. शिल्लक शून्याखाली गेलेल्या वस्तूंची यादी रोज सकाळी दुकानांना जाते. जुनं सॉफ्टवेअर ऋण आकडा शून्य करून लपवायचं. नव्यात तो तसाच ठेवलाय, कारण बहुतेक वेळा त्याचा अर्थ आवक नोंद राहिली असा असतो आणि ते कुणाला तरी जाऊन विचारावं लागतं.

काफ्काच्या पार्टिशन (इव्हेंटच्या समांतर रांगा) १२ वरून २४ केल्या. किल्ली दुकान-वस्तू अशी आहे. संख्या बदलली की तीच किल्ली दुसऱ्या पार्टिशनला जाऊ शकते आणि काही काळ क्रम तुटतो. विक्रीच्या फरकांना त्याने काही होत नाही, मोजणीलाही नाही, कारण वही क्रमांकाने हिशेब करते. वस्तू बंद-चालूचे इव्हेंट मात्र शेवटी पोचेल तो खरा असे होते. तीन बंद केलेल्या वस्तू पुन्हा विक्रीला आल्या. त्यांनाही क्रमांक जोडला, जुना क्रमांक आला तर दुर्लक्ष.

सेवा पडली तर काय, तेही आज लिहून ठेवलं. भावसेवेने ३०० मिलिसेकंदांत उत्तर दिलं नाही तर कॅशेतला भाव, तोही अर्ध्या तासाच्या आतला असेल तरच. नाहीतर वस्तू दिसते पण कार्टचं बटण जातं. स्टॉकसेवा पडली तर विक्री चालू ठेवायची आणि 'पॅकिंगच्या वेळी खात्री करू' अशी पाटी. दोन्हींना एकच नियम लावणारा बदल एकाने सुचवला होता, तो परत पाठवला.

१५ ऑक्टोबर

दिवाळीसाठी उद्यापासून पुन्हा हात बांधलेले. बाकी राहिलेलं: पर्यायी वस्तू सुचवताना भाव वेगळा असेल तर कोणता लावायचा, गोदामाचा स्टॉक दुकानांच्या दिसणाऱ्या स्टॉकमध्ये मिळवायचा का, आणि ट्रॉलीची २५ मिनिटं. धनत्रयोदशीच्या आठवड्यात काउंटरची रांगच तेवढी असते. त्या दिवसांपुरती ४५ केली आहेत, दुकानवार बघून २३ ला परत खाली आणायची.